वेब डेव्हलपमेंटचा कोर्स झाला, नोकरी लागत नाही : आता पुढे काय शिकावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयातून २०२४ साली बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाल्यावर तुम्ही पुण्यात मर्न स्टॅकचा (मोंगोडीबी, एक्स्प्रेस, रिॲक्ट आणि नोड या वेब साधनांच्या संचाचा) क्लास केला, प्रमाणपत्र मिळाले, तीन प्रोजेक्टही झाले. त्यानंतर अर्ज पाठवणे चालूच आहे, पण बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही आणि ज्या दोन मुलाखती झाल्या त्या पहिल्याच फेरीत संपल्या. घरच्यांनी आणखी एक वर्षाची मुदत दिली आहे. त्या वर्षात पायथन शिकावे, नेक्स्ट जेएस (रिॲक्टवर आधारलेले फ्रेमवर्क) शिकावे, एआयचा एखादा कोर्स करावा की वेब डेव्हलपमेंटचा नाद सोडून टेस्टिंगकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे मुलाखतीत इंग्रजी अडते, हेही तुम्ही लिहिले आहे.

मी पुण्यात बरीच वर्षे वेब सॉफ्टवेअरचे काम करते आणि सध्या आमच्याकडे येणारे फ्रेशरचे रेझ्युमे चाळणे व पहिली तांत्रिक मुलाखत घेणे ही कामे माझ्याकडे आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे सारे कसे दिसते ते सांगू शकेन. माझे मत आधीच सांगते : तुम्ही दिलेल्या चार पर्यायांपैकी कोणताही निवडला तरी तुमची अडचण जवळपास आहे तशीच राहील. रेझ्युमेवरील तंत्रज्ञानांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडेल, एवढेच. ‘या उमेदवाराला सोमवारी सकाळी एक छोटे काम दिले तर तो ते शेवटपर्यंत नेईल का’ हे समोरच्याला ठरवायचे असते, आणि तुमच्या रेझ्युमेतून ते ठरवायला त्याच्या हाती काहीच लागत नाही. क्लासमधून आलेल्या बहुतेक रेझ्युमेंची हीच स्थिती असते. एका ढिगात खरेदीच्या संकेतस्थळाची नक्कल, हवामान दाखवणारे पान आणि टू-डू यादी हेच तीन प्रोजेक्ट इतक्या वेळा येतात की दुपारपर्यंत कोणता कोणाचा हे आठवत नाही. त्यांतील कोड वाईट असतो असे नाही. तो उमेदवाराचा आहे की क्लासच्या सरांचा, हे कळायला मार्ग नसतो.

पुढे जाण्यापूर्वी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगायला हवे, कारण सगळा दोष उमेदवारावर टाकणे अन्यायाचे होईल. २०२१-२२ मध्ये आयटीत जी भरती झाली ती नेहमीची नव्हती, आणि त्यानंतर बाजार आखडला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या घटली. तुम्ही नेमके त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलात. मोठ्या सेवा कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे भरती मोहिमांत, उत्तीर्ण होण्याचे वर्ष पाहतात, दहावी-बारावी-पदवीला साठ टक्क्यांची अट अनेक ठिकाणी असते आणि बी.एस्सी., बीसीए झालेल्यांसाठी टीसीएसचे स्मार्ट हायरिंग किंवा विप्रोचा डब्ल्यूआयएलपी (नोकरी करता करता पुढचे शिक्षण) असे वेगळे दरवाजे असतात, तेही प्रामुख्याने ताज्या बॅचसाठी. म्हणजे तो मार्ग तुमच्यासाठी दर महिन्याला थोडा अरुंद होत जाणार. ज्या ड्राइव्हमध्ये तुमची बॅच अजून चालते तेथे अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेसचा खर्च किती महिने पेलेल, घरी बसून अभ्यास होतो का, घरी इंटरनेट धड चालते का, या गोष्टींवरही बरेच अवलंबून आहे. माझ्या मते पुढचे चार-सहा महिने गावी राहून काम करणे आणि मुलाखतींच्या वेळी पुण्याला येणे हे खोलीचे भाडे भरत वाट पाहण्यापेक्षा बरे, पण तुमचे घर मला माहीत नाही. हा निर्णय तुमचाच.

आता मूळ मुद्दा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी प्रत्यक्षात काय काम मिळते, याची कल्पना क्लासमध्ये कोणी देत नाही. कोरे पान उघडून नवे ॲप्लिकेशन लिहायला कोणी सांगत नाही. पाच-सात वर्षे चालू असलेले, चार-पाच जणांच्या हातून गेलेले सॉफ्टवेअर समोर येते आणि त्यातली एक बारीक तक्रार टिकेट म्हणून तुमच्या नावावर पडते. मुलाखतीत मी वारंवार वापरते ते उदाहरण देते. एका संस्थेच्या पावत्यांचा अहवाल आहे. वापरणाऱ्याची तक्रार अशी की ‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशी मुदत निवडली तर ३१ तारखेच्या पावत्या अहवालात येत नाहीत. कोड माझ्या लॅपटॉपवर असतो, इंटरनेट असते, हवे ते शोधायची मुभा असते. मी फक्त विचारते की तुम्ही सुरुवात कोठून कराल.

बहुतेक उमेदवार थेट रिॲक्टच्या कंपोनंटमध्ये शिरतात आणि तिथे काहीतरी बदलून पाहू लागतात. ज्याला मी पुढच्या फेरीत पाठवते तो आधी ब्राउझरमधील नेटवर्कचा टॅब उघडतो, अहवालाची मागणी सर्व्हरकडे कोणत्या तारखा घेऊन गेली ते पाहतो आणि उत्तरात किती पावत्या आल्या ते मोजतो. तारखा बरोबर गेल्या असतील तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे, हे त्याला तेथेच कळते. मग तो एसक्यूएलची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारे वाक्य, शोधतो आणि त्याला दिसते की पावतीच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही साठवलेली आहे, आणि ‘३१ मार्च किंवा त्याआधी’ या अटीचा अर्थ डेटाबेस ३१ मार्च सुरू होतो त्या क्षणापर्यंत, म्हणजे मध्यरात्री शून्य वाजेपर्यंत, असा घेतो. सकाळी अकरा वाजता फाडलेली पावती त्यात बसतच नाही. अट ‘१ एप्रिलच्या आधी’ अशी केली की काम झाले. यात एक उपकथाही आहे. उमेदवार हुशार असेल तर मी विचारते की ब्राउझरमध्ये १ एप्रिल निवडला असताना सर्व्हरकडे ३१ मार्च का गेला असेल. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडची १ एप्रिलची मध्यरात्र जागतिक वेळेत ३१ मार्चची संध्याकाळ साडेसहा असते, आणि जावास्क्रिप्ट तारीख सर्व्हरला पाठवताना पुष्कळदा ती जागतिक वेळेत बदलून पाठवते. हे उत्तर पाठ असण्याची गरज नाही. दोन आकडे समोर ठेवून मोठ्याने विचार करत तेथपर्यंत पोहोचणे मला पुरते.

हा प्रश्न एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की काय शिकायचे त्याचे उत्तर त्यातच आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात नेमके काय बोलणे होते, म्हणजे एचटीटीपीची मागणी, उत्तर, ४०१, ४०३, ४०४ आणि ५०० या उत्तर-क्रमांकांतील फरक, कुकी कशी प्रवास करते, जावास्क्रिप्ट ही भाषा तिच्या चौकटींशिवाय (म्हणजे रिॲक्टसारख्या फ्रेमवर्कशिवाय), एसक्यूएल, आणि गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन). एवढ्या चार गोष्टी पक्क्या असणारा फ्रेशर आजही विरळा आहे. जावास्क्रिप्ट १९९५ साली आली. अँग्युलर जेएस २०१० साली आले, एका काळी पुण्यातल्या प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत त्याचे नाव असे, आणि २०२१ च्या अखेरीस त्याचा अधिकृत सपोर्ट संपला. रिॲक्ट २०१३ चे. ज्यांची जावास्क्रिप्ट पक्की होती त्यांना एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जायला काही आठवडे लागले, आणि ज्यांना फक्त चौकट येत होती ते अडकले. तुम्हाला रिॲक्ट येते ना, मग तेच ठेवा. नेक्स्ट जेएस एखाद्या कंपनीत लागले तर तिथे शिकाल.

एका बाबतीत मात्र क्लासच्या अभ्यासक्रमाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. मर्न स्टॅकमध्ये मोंगोडीबी (टेबलांऐवजी दस्तऐवज साठवणारा डेटाबेस) असल्याने मुले वर्षभर डेटाबेस वापरतात आणि तरी त्यांना दोन टेबलांतील माहिती जोडणारा जॉइन लिहिता येत नाही. हिशेब, पगार, साठा, शाळा, पतसंस्था, इस्पितळ, ज्या ज्या ठिकाणी पैशाची किंवा माणसांची नोंद असते त्यांतील बहुतेकांचे काम मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल किंवा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालते. पोस्टग्रेस फुकट आहे. ते उतरवून घ्या, जॉइन, ग्रुप बाय, ट्रान्झॅक्शन आणि इंडेक्स यांवर दोन महिने घालवा, आणि क्वेरी हळू का चालते ते एक्स्प्लेन ही आज्ञा वापरून पाहायला शिका. नव्या तंत्रज्ञानाच्या नावाखाली जो वेळ जाणार आहे तो येथे गेला तर त्याचा उपयोग तुमच्या पहिल्याच मुलाखतीत दिसेल.

आता हे येते हे दाखवायचे कसे? माझा सल्ला असा की तीनही प्रोजेक्ट रेझ्युमेच्या तळाशी ढकला आणि एकच प्रोजेक्ट करा, पण असा की जो तुमच्याखेरीज दुसरे कोणीतरी खरोखर वापरते. तुमच्या तालुक्यात सार्वजनिक वाचनालय असेलच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली आहेत, आणि त्यांतील अनेकांची ग्रंथयादी आजही वहीत किंवा एक्सेलच्या फाइलमध्ये आहे. तेथील ग्रंथपालांना भेटून विचारा की पुस्तक शोधायला आणि कोणाकडे किती दिवस आहे ते पाहायला एक साधे पान करून दिले तर वापराल का. ते हो म्हणाले तर त्यांच्यासमोर बसून ते सध्या काम कसे करतात ते बघा, आणि मगच कोड लिहायला घ्या.

हे काम वरवर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात त्यात काय काय निघते ते पाहा. पहिल्याच दिवशी एक्सेलची फाइल उघडल्यावर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसेल, कारण यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणावी लागेल. रूपांतर केल्यावर काही जोडाक्षरे बिघडतील, ती शोधून दुरुस्त करावी लागतील. नंतर कोणीतरी ‘कऱ्हाडे’ असे शोधेल आणि पुस्तक कपाटात असूनही यादीत सापडणार नाही. दोन्ही ठिकाणी अक्षरे डोळ्यांना सारखीच दिसतील. पण एका नोंदीत तो अर्धा र नुक्ता असलेल्या ऱ पासून बनलेला असेल आणि दुसरीत साध्या र ला हलन्त व झिरो-विड्थ-जॉइनर हे अदृश्य चिन्ह जोडून. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे ठरावीक नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रक्रिया) चालवले तरी हा फरक जात नाही, त्यामुळे साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकच रूप करून घेण्याचा नियम तुम्हाला स्वतः लिहावा लागेल. नंतर ग्रंथपाल म्हणतील की लेखकांची यादी चुकीच्या क्रमाने लागते. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. म्हणून नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव कावळे, काशीद, कासार या सर्वांच्या आधी जाऊन बसते, आणि मराठी कोशाच्या सवयीचा माणूस ते शेवटी शोधत राहतो. पुस्तक परत करण्याची आठवण एसएमएसने पाठवायची ठरली तर कळेल की इंग्रजी संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा असते, तर मराठीला ७० ची, आणि ‘क्षि’ हे एक अक्षर त्यात चार अक्षरांची जागा खाते.

यातील एकही गोष्ट क्लासच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही, आणि प्रत्येक गोष्ट मुलाखतीत पाच मिनिटे बोलण्याजोगी आहे. उमेदवार ‘कऱ्हाडे’चा हा गोंधळ मला समजावून सांगू लागला तर मी रेझ्युमे बाजूला ठेवून ऐकेन, कारण त्याने तक्रार ऐकली, कारण शोधले, उपाय केला आणि तो टिकतो का ते पाहिले, एवढे सगळे त्यात दिसते. हे प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवरच ठेवू नका. एखादे स्वस्त डोमेन घ्या, छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, लिनक्सवर स्वतः बसवा, लेट्स एन्क्रिप्टचे फुकट सुरक्षा प्रमाणपत्र (एचटीटीपीएससाठीचे) लावा आणि ते आपोआप नूतनीकरण होईल अशी सोय करा. बॅकअप घ्या आणि तो परत बसवूनही पाहा, नाहीतर तो बॅकअप आहे असे धरून चालता येत नाही. कोड गिटहबवर टाकताना वाचनालयाच्या सभासदांची नावे व फोन नंबर चुकूनही त्यात जाऊ देऊ नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ती. सोबतच्या वर्णनात हे काय आहे, कोण वापरते, कोणत्या तीन अडचणी आल्या आणि काय अजून नीट जमलेले नाही, हे साध्या इंग्रजीत लिहा. मी तरी कोडआधी हेच वाचते.

वाचनालय जमले नाही तर गावातील अभ्यासिका, भिशी, शेतमालाची ट्रान्सपोर्ट कंपनी, डॉक्टरांचा दवाखाना, काहीही चालेल. अट एकच, की वापरणारा माणूस तुम्हाला ओळखीचा असावा आणि त्याला तुमची चूक तोंडावर सांगता यावी.

एआयबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि ती भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तोवर फ्रेशरला सुरुवातीला जी कामे देत असू, म्हणजे एक फॉर्म, एक यादी, एक साधी एपीआय (दोन प्रोग्राममधील देवाणघेवाणीची सोय), ती आता अनुभवी माणूस या साधनांच्या मदतीने तासाभरात उरकतो. त्यामुळे नुसते एवढेच येणाऱ्याची गरज कमी झाली आहे, हे खरे आहे. जे उरले आहे ते दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातली खोट ओळखण्याचे काम, मग तो दुसरा माणूस असो की यंत्र. आम्ही मुलाखतीत हल्ली असा तयार कोड देतो : नीटनेटका, चालणारा, पण पासवर्ड जसाच्या तसा साठवणारा, किंवा वापरणाऱ्याने टाइप केलेले शब्द थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडणारा, किंवा रकमेची तपासणी फक्त ब्राउझरमध्ये करून सर्व्हरवर डोळे मिटून स्वीकारणारा. काय खटकते ते सांगा, एवढाच प्रश्न असतो. म्हणून एआयचा वेगळा कोर्स करण्यापेक्षा ही साधने रोज वापरा, पण पहिले काही महिने एक शिस्त पाळा : आधी स्वतः लिहा, मग त्याला विचारा, आणि ज्या ओळीचे कारण तुम्हाला सांगता येत नाही ती ओळ प्रोजेक्टमध्ये राहू देऊ नका. पायथन चांगली भाषा आहे, परंतु डेटा सायन्समध्ये फ्रेशर म्हणून शिरायला स्पर्धा वेबपेक्षा कमी आहे असे मला दिसत नाही.

अर्ज कोठे करायचे, याविषयी थोडे. सगळे जण हिंजवडी आणि खराडीच्या मोठ्या नावांकडे पाहतात, जिथे फ्रेशरचे पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षे रेंगाळलेले आहे आणि अर्जांचा महापूर असतो. दहा ते पन्नास माणसांच्या कंपन्या पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरात, छत्रपती संभाजीनगरात आणि तुमच्या सोलापुरातही आहेत. त्या बऱ्याचदा जाहिरात देत नाहीत, सुरुवातीचा पगार याहून कमी देतात आणि कामही वर्डप्रेस किंवा लाराव्हेल या पीएचपी भाषेतील साधनांचे असते, ज्याला क्लासची मुले नाक मुरडतात. जगातील चाळीस टक्क्यांच्या आसपास संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. तेथे काम मिळणे ही लाजेची बाब नाही. अशा ठिकाणी वर्षभरात सर्व्हर, ग्राहकाचा फोन, पडलेले संकेतस्थळ उभे करणे, हे सारे अंगावर पडते आणि ‘एक वर्षाचा अनुभव’ ही ओळ रेझ्युमेवर येते, जिच्यामुळे पुढचे अर्ज निदान उघडून तरी पाहिले जातात. मात्र जेथे हाताखाली घेऊन शिकवणारा एकही जाणता डेव्हलपर नाही तेथे वर्षाहून अधिक थांबू नका. या कंपन्यांना सरसकट अर्ज पाठवण्याऐवजी त्यांचे काम पाहून, दोन-चार ओळींची नेमकी ईमेल करा आणि तुमच्या चालू प्रोजेक्टचा पत्ता द्या. महाविद्यालयातले जे सीनिअर आधी लागले आहेत त्यांनाही विचारा. ओळखीने आलेला रेझ्युमे निदान वाचला जातो, निवड पुढे स्वतःच्या बळावरच होते.

सावधगिरीच्या तीन गोष्टी. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, मग तो त्याला ट्रेनिंग फी म्हणो की डिपॉझिट. दुसरे, दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून देणाऱ्या लोकांचे फोन तुम्हाला आले असतील किंवा येतील. कंपन्या रुजू होण्याच्या वेळी पीएफच्या यूएएन क्रमांकावरून मागच्या नोकऱ्यांचा इतिहास तपासतात, तेथे हा बनाव उघडा पडतो आणि मिळालेली नोकरी जाते. शिवाय तीन वर्षांचा अनुभव सांगितल्यावर तीन वर्षांचे काम समोर येते ते वेगळेच. तिसरे, बाँड असेल तर रक्कम आणि मुदत वाचून सही करा, आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या कंपनीत जाऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवा आणि परत आणा.

इंग्रजीचे म्हणाल तर मुलाखत घेणाऱ्याला व्याकरण तपासायचे नसते, पण काय केले आणि का केले हे त्याच्यापर्यंत पोहोचले नाही तर तो तुम्हाला गुण तरी कशाचे देणार? यावर सर्वसाधारण स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा फारसा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. त्याऐवजी तुमच्या एकाच प्रोजेक्टबद्दल पाच मिनिटे इंग्रजीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, अडखळलेल्या जागा लिहून काढा आणि पुन्हा बोला. विषय तुमचा असल्याने शब्द मर्यादित लागतात आणि ते पटकन बसतात. मुलाखतीत एखादा मुद्दा अगदीच अडला तर ‘हे हिंदीत किंवा मराठीत सांगू का’ असे विचारायला हरकत नाही. पुण्यात समोरचा बहुधा हो म्हणतो. रोजच्या कामात लिखित इंग्रजी जास्त लागते, म्हणून गिटमधील प्रत्येक बदलासोबत ‘फिक्स’ एवढेच न लिहिता काय बदलले आणि का, हे एका पूर्ण वाक्यात लिहिण्याची सवय आतापासूनच लावा.

राहिला टेस्टिंगचा प्रश्न. डेव्हलपमेंट जमत नाही म्हणून टेस्टिंग, हा हिशेब आता चालत नाही. हाताने बटणे दाबून तपासण्याच्या जागा फ्रेशरसाठी फार उरलेल्या नाहीत, आणि ऑटोमेशनसाठी, म्हणजे प्रोग्रामने आपोआप तपासण्यासाठी, सेलेनियम किंवा प्लेराइट ही साधने वापरायची तर प्रोग्रामिंग यावेच लागते. परंतु काही माणसांना दुसऱ्याच्या कामातली खोट हुडकण्यात मनापासून रस असतो, आणि त्यांनी तिकडे जावे. चांगल्या टेस्टरला आमच्याकडे डेव्हलपरइतकाच मान असतो. तुम्ही त्यांपैकी आहात का, हे क्लास लावून पैसे घालवण्याआधी घरीच कळू शकेल. वाचनालयाचे पान उभे राहिले की प्लेराइट उतरवून घ्या आणि पुस्तक शोधणे, देणे, परत घेणे या तीन गोष्टी आपोआप तपासणाऱ्या चाचण्या लिहा. ‘कऱ्हाडे’ दोन्ही रूपांत टाइप करून सापडतो का, हीही त्यात घ्या. चाचणी लिहिताना मजा आली की ती पास करणारा कोड लिहिताना, हे दोन-तीन आठवड्यांत तुमच्या लक्षात येईल, आणि दोन्हीपैकी काहीही झाले तरी त्या चाचण्या रेझ्युमेत लिहिता येतील.